खळ्यावरून जाणारी वाट

प्रिय अक्का,

उत्सवाचा नकाशा आज सकाळी छापायला गेला. यंदा सोपी वाट तुमच्या खळ्यावरून जाते की नाही, हे वाडीतलं दुसरं कुणी बोलायच्या आधी मी तुम्हाला सांगावं, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दर चार ओळींनी उठते आहे. एकदा दार लावलं, एकदा उघडलं. यांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "कुणाला एवढं लिहितेस?" मी म्हटलं, "अक्कांना." यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पान उलटलं.

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, दोन दिवसांच्या तापाने गेलात. हे तुम्हाला शोभलं का? चाळीस वर्षं तुमची धाकटी जाऊ म्हणून वावरले. कुठलंही काम अर्ध्यावर टाकून उठताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. आणि हे मात्र असं!

रविवारी आपला चौथा चालण्याचा उत्सव. तीन वाटा त्याच. लांब वाट वर सड्याच्या माळावरून, तरण्याताठ्यांसाठी. मधली पऱ्याच्या, ओढ्याच्या काठाने. आणि सोपी वाट, ज्यांना चालताना काठी लागते, धाप लागते, कुणाचा तरी हात लागतो, त्यांच्यासाठी. रत्नागिरीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून मी गावी परत आले ती नकाशे, वेळापत्रक आणि शिट्टी घेऊन. पण वाटा माझ्याकडे कुठे होत्या? त्या तुमच्या पायांत होत्या.

पहिल्या वर्षी मी वही घेऊन तुमच्याकडे आले. "अक्का, यातली सोपी वाट कुठली?"

"पाखाडीची," तुम्ही म्हणालात. "सोपीच हाय गो. डोईवर भारा असला तरी घटकेत खाली."

मी लिहून घेतलं: पाखाडी, सोपी. सांगणारी बाई सत्तरीला टेकलेली असली तरी अनवाणी, गवताचा भारा घेऊन रोज त्या जांभ्याच्या दगडी पायऱ्या चढते आणि उतरते, याचा मी विचारच केला नाही! रत्नागिरीहून आलेले एक निवृत्त बँक अधिकारी मधल्या पायरीवर बसले ते उठेनात. "मॅडम, ही सोपी असेल तर अवघड बघायचीसुद्धा इच्छा नाही," म्हणाले. शेवटी चौघांनी त्यांना खुर्चीत घालून खाली आणलं. तुम्ही वरून बघत होतात, पदर तोंडाला लावून.

"गो मास्तरनी, माणसं तरी बघून आणायची!"

मी चिडले होते. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी येऊन सांगितलंत, "पुढल्या वर्षी आमच्या खळ्याकडनं आण त्यांना. सपाट हाय, सावली हाय." मी लगेच नकाशा बदलला. तुमच्या घरापुढचं ते खळं, त्याच्या एका कडेने आत आणि दुसऱ्या कडेने बाहेर, की थेट आमराई. एकही पायरी नाही. याहून सोपी वाट गावात नाही.

दुसऱ्या वर्षी सगळं सुरळीत झालं. निदान मला तसं वाटलं.

गेल्या वर्षाचं मात्र लिहायलाच हवं. ते टाळून पुढे जायचं मी दोनदा ठरवलं, पण नाही जमत.

गेल्या वर्षी तुम्ही खळ्याच्या अलीकडे बाकडी मांडलीत. कोकमाचं सरबत केलंत. माणसं आली की "या, बसा वायच, बूट काढा, पायांना वारा लागू दे" म्हणून एकेकाला बसवलंत. बसलेली माणसं उठतात होय? मी लांब वाटेचे लोक सोडून आले, तर सोपी वाट तुमच्या दारात अडकलेली. कुणी पाय पसरून बसलंय, कुणी सरबताची कृती विचारतंय. शाळेत जेवणाची पंगत मांडून ठेवलेली. मी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, चाळीस मिनिटं झाली! ही काय तुमच्या माहेरची माणसं आलीत? आम्हाला वेळापत्रक आहे!"

तुमच्या हातात तांब्या होता. तुम्ही तो खाली ठेवलात. "बरं. उठवते हां," म्हणालात आणि सगळ्यांना उठवलंत.

समारोपाला तुम्ही शाळेत आला नाहीत. मी कुणाला पाठवून चौकशीही केली नाही. नंतर आपण भेटलो, बोललो, तुम्ही फणसाचे गरे पाठवलेत, मी डबा धुऊन परत केला. त्या दिवसाबद्दल तुम्ही काही काढलं नाही, मीही नाही. मला वाटलं, विसरलात. आणि खरं सांगायचं तर माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटतच नव्हतं. वेळ म्हणजे वेळ.

दिवाळी झाली तशी मी रूपेशला मुंबईला फोन केला. विचारायला नाही, कळवायला. "डिसेंबरात उत्सव आहे, सोपी वाट नेहमीसारखी."

तो म्हणाला, "काकी, यंदा आमच्या खळ्यावरनं नको."

"वर्ष व्हायचंय म्हणून? अरे, हा काही सण नव्हे. माइक लावणार नाही, मंडप नाही..."

"ते पण आहे. पण नको." आणि कामाचं सांगून त्याने फोन ठेवला.

तुमचा मुलगा मला नाही म्हणाला! 

मग मी दुसरी वाट शोधायला निघाले. वय वर्षं सहासष्ट, डोक्याला रुमाल, हातात टेप. डांबरी रस्त्याने न्यावं, तर चिरे भरलेले ट्रक अंगावर येतात. पऱ्याकडून न्यावं, तर साकवाला एकाच बाजूला आधार. बांधावरून न्यावं, तर काठीवाल्याचा तोल जाणार. पाखाडी तर आहेच, ती तुमची! आठ दिवस मी रोज सकाळी निघत होते आणि फिरून फिरून तुमच्या खळ्याच्या कडेला येऊन उभी राहत होते. हे म्हणाले, "एवढी तर तू लग्नाआधी पण चालली नसशील."  मला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

आणि दर संध्याकाळी विजयाताईंचा फोन. तुम्हाला आठवतील, हातखंब्याच्या, पक्षाघातानंतर चौपायी काठी घेऊन चालतात. सोप्या वाटेला नाव दिलेल्या अकराजणांत त्यांचं पहिलं. "मॅडम, नक्की आहे ना? मी रोज गॅलरीत वीस फेऱ्या घालतेय. वर्षातून एकदा मी घराबाहेर चालते हो." मी म्हणत होते, "आहे, आहे." कशाच्या जोरावर म्हणत होते, देव जाणे.

गेल्या आठवड्यात रूपेश आणि समीक्षा जोडीने रजा काढून गावी आले. मी सकाळी आठला दारात. खळ्यात गवत वाढलं होतं. ते माझ्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात माझे मुद्दे होते.

"बसा काकी. चहा घेणार?"

"चहा नंतर. आधी बोलू."

आतून समीक्षाचा आवाज आला, "टाकलाय चहा. बोलणं कुठे पळून नाही जात."

मी एकेक मुद्दा मांडला. आवाज होणार नाही. खाणंपिणं नाही. दहा मिनिटांत माणसं पार. दुसरी वाट नाही, मी आठ दिवस शोधली. अकरा माणसं आहेत, ती पाखाडी उतरू शकत नाहीत. रूपेश ओटीच्या कठड्याला टेकून ऐकत होता.

"काकी, माणसांचं काही नाही," तो म्हणाला. "त्यांच्या बुटांचं आहे."

"बुटांचं काय?"

"खळ्यावर पायताण घालून कोण येतं?"

मी मागे वळून पाहिलं. माझ्या चपला खळ्याच्या कडेला, बाहेर काढलेल्या होत्या. चाळीस वर्षं मी त्या तिथेच काढत आले. का, ते कधी मनात आलं नाही. नवी नवरी म्हणून आले तेव्हा तुम्ही काढल्यात, म्हणून मी काढल्या. भात झोडायची जागा, लक्ष्मीची जागा, हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. पायांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

"पण मग उत्सवात..."

"उत्सवात तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. लेसवाले बूट घालून. मी ओटीवरून बघत होतो ना, दुसऱ्या वर्षी. तुम्ही सरळ आत आलात. तुम्ही नाही काढले, तर मागची माणसं कशाला काढतील? त्यांना काय माहीत?"

"अरे, मग अक्कांनी सांगायचं नाही का?"

"तुम्हाला? एवढ्या लोकांसमोर?" तो हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. "मी म्हटलं आईला, मी सांगतो काकीला. तर माझ्यावरच ओरडली. तिच्या पाहुण्यांसमोर तिला खाली बघायला लावू काय, म्हणाली. सगळं खळं उखडलं होतं बुटांनी. दुसऱ्या दिवशी तिने ते पुन्हा चोपलं, पुन्हा सारवलं. मग भात झोडलं."

मी त्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत होते. उत्सव कसा यशस्वी झाला, हे सांगत होते.

समीक्षा चहा घेऊन बाहेर आली. "आणि गेल्या वर्षीची आईंची शक्कल सांगा की. बाकडी काय, सरबत काय! मी फोनवर विचारलं, आई, एवढा कुटाणा कशाला करताय? तर म्हणाल्या, बसला की माणूस बूट काढतो गो. सांगावं लागत नाय."

अक्का, चहा मी तसाच ठेवला. उठले. चपला घातल्या आणि निघाले. "काकी, रागावलात?" रूपेश मागून विचारत होता. कुणावर रागावू?

तुमच्यावर! हो, आधी तुमच्यावरच रागावले. एक शब्द! एकच शब्द मला बाजूला घेऊन बोलायचा होतात. "गो, बूट काढ." तीन शब्द झाले, जाऊ दे. वाडीत कुणाची शेळी परसात शिरली तर तुमचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा. माझ्यापुढेच कसा बसला? मी एवढी का कुणी होते? पुस्तकं वाचलेली, एवढंच ना?

आणि सांगितलं असतंत तर ऐकलं असतं का मी? हा प्रश्न गेले आठ दिवस माझ्या मागे आहे. मला वाटतं, ऐकलं नसतं. "अहो, आता एवढ्या माणसांना कुठे लेस सोडायला लावू, वेळ जातो," असंच म्हणाले असते. तुम्ही मला ओळखून होतात. मी तुम्हाला चाळीस वर्षं अहो-जाहो केलं आणि तुम्ही कशासाठी काय करता, ते एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपेशच आमच्याकडे आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "काकी, न्या तुमची वाट. नकाशात घाला."

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "बूट घालूनच न्या. यंदा खळं केलंय कुठे? आई पेरणीआधी गेली, शेत पडीक राहिलं. भात नाही तर खळं कशाला? आता ते नुसतं अंगण आहे. मी उगाच तुम्हाला बोललो."

मला हवं होतं ते मिळालं, अक्का. अकरा माणसं, विजयाताई, सोपी वाट, सगळं मार्गी लागलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ते खळ्यातलं गवत दिसलं. आता खरंच दिसलं.

"बूट घालून नाही," मी म्हटलं.

"अहो, पण आता तिथे राखायचं काय आहे?"

"सोमवारी सकाळी मी येते. खळं करायचं."

 समीक्षाला कळलं तेव्हा ती ओटीवर बसून हसली. "काकी, तुम्ही शेण कालवणार? रबरी हातमोजे आणू का?"

"हातमोजे नकोत. शिकव."

सोमवारी गवत काढलं, माती उकरली, पाणी मारलं. पाठ अशी भरून आली की सांगायची सोय नाही. रूपेश पहिला अर्धा दिवस मोबाइल घेऊन ओटीवर बसून होता. दुपारी आला आणि माझ्या हातातलं चोपणं काढून घेतलं. "काकी, खळं चोपताय की भाकरी थापताय?" मग जो लागला तो अंधार पडेपर्यंत. मान वर केली नाही. मंगळवारी परत जायचा होता, त्याने कंपनीत फोन करून रजा वाढवली. का वाढवली ते मी विचारलं नाही. काल, बुधवारी, समीक्षाने आणि मी सारवलं. तिचा हात गोल फिरतो, तुमच्यासारखा. माझ्या बाजूला कोपऱ्यात लाटा उठल्यात. ती म्हणाली, "राहू दे काकी, तिथे काठीवाल्यांना धरायला बरं पडेल." चांगलीच तिखट आहे तुमची सून. मला आवडली.

तर नकाशात तुमचं खळं आहे. त्याच्या अलीकडे मी ठळक अक्षरांत लिहिलंय: पायताणं इथे काढावीत. बाकडी मांडायची आहेत. वेळापत्रकात अर्धा तास धरलाय, त्याहून जास्त लागला तरी पंगत थांबेल. जेवण गार झालं तर गार जेवतील.

अकराही जणांना मी स्वतः फोन केले. कुणाची कुरकुर नाही.  विजयाताई तेवढ्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्यांनी स्वतः माझे बूट काढले होते हो, खाली बसून. आजारपणापासून माझ्या त्या पायाला घरच्यांशिवाय कुणी हात लावला नव्हता. मला रडूच आलं होतं. म्हणून मी लवकर उठले नाही."

मी म्हटलं, "यंदा मी काढीन."

"तुम्ही, मॅडम?" त्यांच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की मला माझीच लाज वाटली.

हे सगळं झालं तरी मन शांत नाही. रूपेशचं ते बोलणं जात नाही. रविवारी माणसं येतील, बूट काढतील, सरबत पितील आणि आमराईत निघून जातील. सोमवारी पुन्हा तिथे कोण येणार? अकरा माणसांनी चालून जावं म्हणून कुणी खळं करत नाही. ते आमच्या हातून झालं खरं, पण ते भातासाठी असतं. भात नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा गवत काढू आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणी काढणार नाही.

म्हणून काल सारवून झाल्यावर हात धुता धुता मी रूपेशला विचारलं, "विहिरीकडचा भाताचा एक कुणगा येत्या पावसात लावायचा का?" तो म्हणाला, "तुम्ही चिखलात उतरणार?" मी म्हटलं, "माणसं लावू. पण बांधावर उभी राहीन." समीक्षा म्हणाली, "बांधावर उभं राहून शिट्टी मारतील, आई, बघाच!" हे ती तुमच्या बंद खोलीकडे बघून म्हणाली. आणि रूपेशने पेरणीला चार दिवस यायचं कबूल केलंय.

अक्का, हे माझं तुम्हाला वचन. येत्या पावसात तो कुणगा पडीक राहणार नाही. दिवाळीनंतर तुमच्या खळ्यावर भात झोडलं जाईल. चार पेंढ्याच होतील कदाचित, पण होतील. ते कसं झोडतात, कसं वारवतात, हे मला येत नाही. विचारून विचारून शिकेन, आणि ज्यांना विचारायचं त्यांच्याकडे स्वतः चालत जाईन.

तुमची धाकटी जाऊ,
कुंदा